यानाबाहेरचा चालक

पक्षाघातानंतर मावशीचा उजवा हात धड चालेना. बोटांना व्यायाम म्हणून भाचीनं ठोकळे जोडून करायचं अंतराळयान आणून दिलं. मावशीनं हट्टानं एकेक ठोकळा दाबत ते पुरं केलं आणि सोबत आलेला बोटभर उंचीचा प्लास्टिकचा चालक आत बसवला.

सकाळी तो यानाबाहेर उभा होता.

"तू काढलास?"

"नाही गं मावशी, मी कशाला हात लावू?"

मावशीनं त्याला परत बसवलं. पाणी पिऊन आली, तर तो पुन्हा बाहेर.

"बघतेच आता!" तिनं त्याला आत कोंबलं, प्लास्टिकची काच लावली आणि थरथरत्या अंगठ्यानं दाबूनच धरली.

भाची वाकून बघत होती. एकदम किंचाळली, "मावशी, सोड त्याला!"

काचेवर आतून वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.