बांबूपलीकडची पावलं

जपानच्या एदो शहराजवळच्या एका टाकसाळीतून घरी जाताना प्रत्येक ओताऱ्याला उघडं व्हावं लागे, आ करून दाखवावा लागे आणि दारातल्या आडव्या बांबूवरून उडी मारावी लागे. कुठे नाणं लपवलेलं असलं, तर ते खाली पडायचं.

इसाबुरोने उडी मारली की खण्ण असा आवाज यायचा. नाणं मात्र कधीच सापडत नसे.

आजही तसंच झालं आणि पहाऱ्याचा नायक तोगाशी खवळला. "गिळतोस काय रे चोरा? चल मागे, मार परत उडी! आवाज आला, तर पोट फाडून बघतो."

"मार बाबा, नाहीतर उगाच जीव घालवशील," मागचा सोबती कुजबुजला.

"नाही मारत." इसाबुरो बांबूच्या अलीकडे आला आणि थंडीत तसाच उघडा, हाताची घडी घालून उभा राहिला. "हयात गेली भट्टीपुढे, कधी एक तुकडा नेला नाही. मी जागचा हलणार नाही. ऐका आता."

सगळ्यांनी कान टवकारले.

बांबू थरथरला. पलीकडे कुणीतरी धप्पकन उतरलं. खण्ण!

तोगाशीच्या पुढ्यात, ओल्या मातीत, दोन अनवाणी पावलं बोटांसकट उमटली.

इसाबुरोने आपले कपडे उचलले.

"घ्या की साहेब," तो म्हणाला, "आता त्याची झडती घ्या."