कमरेचं माप

कयाकसाठी आणलेलं प्लायवूड लोणावळ्याच्या दमट हवेनं दुसऱ्यांदा फुगलं. दिगंबरने नवं आणलं, पण करवत काही लावली नाही. परदेशातून मुलगा, श्रीयश, फोनवर बजावायचा, "बाबा, तळ अरुंदच ठेवा, वेग मिळतो. आणि बसायची जागा माझ्या कमरेला घट्ट बसेल एवढीच. मी आलो की माप घेऊन कापू."

दिगंबरचे गुडघे धड वाकत नव्हते. असल्या नावेत त्याला स्वतःला कधीच बसता आलं नसतं. तरी तो दर वेळी "बरं" म्हणायचा.

आज श्रीयश म्हणाला, "बाबा, या दिवाळीलाही जमेलसं वाटत नाही."

"बरं."

फोन ठेवून त्याने प्लायवूडवरची अरुंद आखणी खोडली. तळ रुंद आणि सपाट आखला. बसायची जागा ऐसपैस, उघडी ठेवली, पाय लांब करून बसता येईल अशी. मग टेप उचलून त्याने दमल्या आवाजात बायकोला हाक मारली, "अगं, जरा इकडे ये."

चंद्रिकेने हातातला चहा खाली ठेवला, पदर खोचला आणि माप द्यायला हात वर केले.