गुलाबी थर

बायकोचं, गार्गीचं वर्षश्राद्ध उरकलं आणि सुमंतने तिचा खाऱ्या पाण्याचा फिशटँक देऊन टाकायचं ठरवलं. नागपुरात बेसाच्या फ्लॅटमध्ये तो आता एकटाच. टँकमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. आटलेल्या पाण्यात भर घालायची, माशांना खाणं टाकायचं, बस. काचेवर मात्र गुलाबी शेवाळाचा टणक थर चढतच राहायचा. दर रविवारी तो पात्याने खरवडताना त्याला वाटायचं, तिची एवढीशी वस्तूही आपल्याला सांभाळता येत नाही.

टँक न्यायला धंतोलीहून तिची मैत्रीण नूपुर आली आणि काचेपाशी वाकून बघतच राहिली.

"काहून खरवडून राहिले, भाऊजी? ही घाण नाही. गार्गीसारखं रोज न चुकता बाटलीतलं कॅल्शियम टाकलं तरच हे वाढते, नाही तर पांढरं पडून मरते. छान सांभाळला तुम्ही टँक."

"मी कुठे काय टाकलं," म्हणत सुमंतने टँकखालचं कपाट वर्षभरात पहिल्यांदाच उघडलं.



कॅल्शियमच्या बाटलीचं तोंड ओलं होतं.