प्लॉट बघायला

आमच्या हैदराबादेत प्लॉट विकणारे लोक रविवारी घरापासून गाडीनं नेतात, शहराबाहेरची जमीन दाखवतात आणि फुकट बिर्याणीही खाऊ घालतात. माझे आजोबा, म्हणजे तातय्या, असे सलग सात रविवार जाऊन आले. दर वेळी माळावर उभं राहून गंभीरपणे विचारायचे, "ईशान्येला पाणी लागेल का?" एजंट ओबुलेसू त्यांच्या डोक्यावर छत्री धरून स्वतः उन्हात उभा. आमची ऐपत एका कुंडीतल्या मातीची.

मला ते बघवेना. शनिवारी त्याचा फोन आला, तेव्हा खरं सांगायची लाज वाटली आणि तोंडातून निघून गेलं, "अण्णा, तातय्या वारले."

रविवारी तो हार घेऊन दारात. तातय्या इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यावरच. "किती उशीर रे बाबा!"

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. आम्ही काही घेणार नाही."

"घेतंय कोण, तम्मुडू?" धाकट्या भावाला समजवावं तसं तो म्हणाला. "गाडी भरलेली दिसली की माझी नोकरी टिकते." त्यानं हार पिशवीत घातला आणि तातय्यांचा हात धरला.

"तातय्यागारू, तुम्ही पुढं बसा. मागं आधीच दोघं वारलेले आहेत."