आग्या मोहळ

“पायताणं इथंच काढा. खाली दगड बुळबुळीत आहेत,” गंगीकाकी म्हणाली आणि आधी स्वतःच्या चपला काढून झऱ्याकडे उतरली.

निशिगंधाताईंनी महागाचे बूट मुकाट सोडले. त्या डहाणूच्या. छोटे छोटे गट घेऊन गावं दाखवायची, प्लास्टिक न्यायचं नाही, जेवण गावच्याच चुलीवरचं, असं त्यांचं काम. आज त्या पहिल्यांदाच रानशेतच्या रानात पाहुणे घेऊन आल्या होत्या. आवडलं, तर दर रविवारी येणार होत्या.

आणि आवडायलाच हवं होतं. दहावीतल्या सुनितानं त्यासाठी महिनाभर पाड्यावर प्रत्येकाचं डोकं खाल्लं होतं. पाहुणे आले तर आई इथंच रांधेल, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावं लागणार नाही. हे सगळ्यांना पटलं. फक्त काकीला पटेना. देवाची राखण तिच्या घराकडे होती.

“एकदा बघू,” काकी शेवटी म्हणाली होती. “देवाला त्रास झाला तर वाट बंद. मग तू कितीही गोड बोल.”

म्हणून सकाळपासून सुनिताचे डोळे पाहुण्यांच्या हातापायांवर खिळलेले.

“वर चढ आहे, म्हणून आधी पाणी पिऊन घेऊ,” ती म्हणाली. “मोबाईल पिशवीत टाका, पडला की गेला. मान खाली ठेवा, नाहीतर पाय घसरतो. आणि बोलायचं नाही हां. उंबरावर आग्या मोहळ आहे. आवाजानं माशा उठतात.”

वापीच्या दक्षाबेननी चटकन ओढणी डोक्यावर घेतली. त्यांचा मुलगा जतीन इतका वेळ गाणी लावून चालत होता. त्यानं आवाज बंद केला.

“कितना बडा है?” त्यानं हळूच विचारलं.

सुनितानं दोन्ही हात फाकवून दाखवले. त्यानं मोबाईल पिशवीत टाकला.

सगळे अनवाणी, एकामागून एक उतरले. उंबराच्या मुळांतून पाणी झिरपत होतं, घोट्याएवढं, थंडगार. मुळाशी एक काळा दगड होता. त्याच्यावरून पाणी इतकं अलगद सरकत होतं, की दगडच श्वास घेतोय असं वाटावं. काकीनं एकेकाच्या ओंजळीत पाणी घातलं. सगळे प्याले. एक पान पडलं, तेसुद्धा ऐकू आलं. काय झालं कोण जाणे, दक्षाबेननी वाकून पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

काकीनं ते पाहिलं आणि नजर वळवली.

वर येऊन सगळ्यांनी पायताणं घातली. चढ संपला आणि समोर वड उभा राहिला.

वड कसला, एका झाडाचं गावच ते. पारंब्या जमिनीत रुजलेल्या, त्यांचे खांब झालेले, खांबांमधून वाटा. खाली उभं राहिलं की आभाळसुद्धा हिरवं. वर कुठंतरी हिरव्या पारव्यांसारख्या हरोळ्या फळं खात होत्या आणि खाली टपटप साली पडत होत्या. आता बोलायला मोकळीक होती, तरी सगळे माना वर करून नुसते बघत होते.

“माझा जन्म डहाणूत गेला,” निशिगंधाताई म्हणाल्या, “आणि हे मला आज दिसतंय.”

“केटलुं जूनुं हशे,” दक्षाबेन पुटपुटल्या. त्यांनी घरून आणलेला हार एका पारंबीला घातला.

“माझ्या आज्यानंपण एवढाच पाहिला,” काकी म्हणाली. ती चपला घालून मुळावर बसली होती आणि तंबाखू मळत होती.

तेवढ्यात जतीननं पारंबी धरली आणि झोका घेतला. एक, मग आणखी एक. गेली वाट, सुनिताला वाटलं. तिनं काकीकडे पाहिलं.

“झुलू दे,” काकी म्हणाली. “आमची पोरंपण झुलतात.”

जतीन मात्र ओशाळून खाली उतरला. “ये आपके भगवान हैं ना?”

“देव सगळीकडं असतो, बाबा,” काकी म्हणाली.

पाड्यावर नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन निशिगंधाताईंनी पळसाचं पान दुमडलं. “पुढच्या रविवारी येतेच, सुनिता. वडाचे फोटो टाकले तर चालतील?”

सुनितानं काकीकडे पाहिलं.

“टाका की. हवे तेवढे,” काकी म्हणाली.

“आणि ते पाणी? तिथला काढायचा राहिला.”

“तिथं नको, ताई,” सुनिता म्हणाली. “मोहळ आहे ना.”

“हो गं बाई, विसरलेच.”

गाडी वाणगावच्या रस्त्याला लागली. धूळ खाली बसेपर्यंत काकी बघत राहिली. मग ती वर गेली, पारंबीवरचा हार काढला आणि शेळीपुढे टाकला.

“चल,” ती सुनिताला म्हणाली, “आता देवाला विचारू.”

दोघी खाली आल्या. उताराशी चपला काढल्या. काकीनं पदराची गाठ सोडून झेंडूचं एक फूल काढलं आणि वाहत्या पाण्याखालच्या त्या काळ्या दगडावर ठेवलं.

“परके होते,” ती दगडाला म्हणाली. “पण अनवाणी आले, मान खाली घालून आले, गप्प राहिले. पुन्हा येऊ देऊ का?”

पाणी फुलावरून, फुलाभोवतीनं वाहत राहिलं. फूल जागचं हललं नाही. सुनितानं हात जोडले.

“येऊ दे म्हणतो,” काकी कुजबुजली आणि मग गालात हसली. “पण पोरी, एखाद्यानं मान वर केली तर गं?”

सुनितानं वर पाहिलं. फांद्या नेहमीसारख्याच मोकळ्या होत्या. त्या उंबरावर मोहळ कधी लागलंच नव्हतं.