रिपोर्ट नॉर्मल आहे

"सगळं नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले आणि पेनाच्या टोपणाने कान कोरू लागले. "वय झालं की बायकांना काही ना काही होतंच. मन रमवा कशात तरी."

ताईने पदर अंगाभोवती घट्ट ओढला. आवाजाच्या जोरावर अख्खी शाळा चालवलेली, एकसष्ट वर्षांची ताई वर्षभरात निम्मी झाली होती. साध्या पंख्याखाली कुडकुडायची. अंघोळ करून आली तरी दम लागून आडवी व्हायची. गेल्या आठवड्यात ती जिन्यात कोसळली, तेव्हा धाकट्या बहिणीने तिला ओढतच इथे आणलं होतं.

टोपण कानातून निघालं, टेबलाच्या कडेला पुसलं गेलं आणि त्याच हाताने रिपोर्ट पुढे सरकला. धाकटीला शिसारी आली. तिने कागद दोन बोटांत धरला. प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात तिची तीस वर्षं गेली होती. आकडा शोधायला तिला वेळ लागला नाही.

"हा आकडा पुरुषाला नॉर्मल आहे, बाईला नाही," ती म्हणाली. "मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतल्या पेशी बाईत आणि पुरुषात सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत. पाळी गेली की बाईत या ग्रंथीचं हे हार्मोन कितीतरी पट वाढतं. हिचं वाढलेलंच नाही. ग्रंथी काम करत नसणार. स्कॅन करा."

"अहो, रिपोर्टवरचा हा नॉर्मलचा तक्ता काय मी घरी बसून केला?" डॉक्टर हसले. दातांच्या फटीत काहीतरी हिरवं अडकलं होतं. "'पन्नाशीपुढील व्यक्ती' असं छापलंय. बायका व्यक्ती नाहीत का?"

"या तक्त्यात नाहीत."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मीच केलाय तो. आठ वर्षांपूर्वी." तिचं तोंड कडू झालं. "बायकांचे आकडे आलेखात बसत नव्हते. आमचे साहेब म्हणाले, एवढी घाण काढून टाका, म्हणजे चित्र स्वच्छ दिसेल. मी सगळी काढली, एकेक आकडा न बघता. माझी बढती तोंडावर आली होती."

डॉक्टरांनी स्कॅनची चिठ्ठी लिहिली. धाकटीने बाहेरच्या नळावर दोनदा साबण लावून हात धुतले. शिसारी गेली नाही.

चौथ्या दिवशी स्कॅनमध्ये ग्रंथीला दाबणारी गाठ दिसली. बरीच जुनी होती, पण काढता येण्यासारखी होती. वेळीच कळलं असतं तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं, असं स्कॅन केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दोघी बहिणी बाकावर येऊन बसल्या. ताईने फिल्म पाकिटात सरकवली आणि पाकीट मांडीवर ठेवलं. मग आवाज न चढवता तिने विचारलं,

"तेव्हा तुझ्या त्या तक्त्यासाठी मीही रक्त दिलं होतं ना गं? माझा आकडा काय आला होता?"