सरांची शेवटची इच्छा

आठवडाभर शाळेत इतिहास आणि रविवारी विहारात धम्म शिकवणाऱ्या आमच्या सरांचा जलदानविधी होता. पंचशील संपलं न संपलं, तोच विहाराच्या अध्यक्षानं, नरेंद्रनं, माईक ओढला. "सरांची शेवटची इच्छा होती, अभ्यासिकेची जागा कोन गावच्या गोडाऊनवाल्याला द्यावी. हात वर करा!" हात वर झाले. मला संशय आला. ती अभ्यासिका सरांनी आमच्याबरोबर घमेली उचलून बांधलेली. मी ओरडलो, "कधी बोलले रे सर?" "हॉस्पिटलात, शेवटच्या दिवशी. तू होता का तिथं, शहाण्या?" सरांच्या पत्नी बकुळाताई हळूच उठल्या. "नरेंद्र, आवाज कसा होता रे त्यांचा?" "खणखणीत, ताई! एकदम प्रवचनासारखा." ताई त्याच्याकडे न बघता सभेकडे वळल्या. "महिनाभर त्यांच्या घशात नळी होती. शब्द फुटत नव्हता. तुम्ही आळीपाळीनं उशाशी बसलात, पाहिलंत. मग हात कसे वर केलेत?"